फुगडीतलं फुगडीत

"मास्तर, इंग्रजांच्या बायका फुगडी घालतात काय हो?"

जानकीने हे विचारलं आणि आठवीचा अख्खा वर्ग श्वास घ्यायचं विसरला. मुलगे एकतीस, मुली चार. त्या चौघींतल्या विमला आणि सुभद्रा बाकाखाली तोंड लपवून फुसफुसत होत्या. पैज त्यांचीच. ओंजळभर भाजलेल्या फणसाच्या आठळ्या. नव्या मास्तरांना हा प्रश्न विचारलास तर आठळ्या तुझ्या, नाही विचारलास तर मॅट्रिकपर्यंत तुझं नाव भागूबाई. जानकी तांडेल भागूबाई? उभ्या खाडीकाठाला ठाऊक होतं, हे चेडू, म्हणजे ही पोर, मारक्या म्हशीच्या शिंगाला धरून विचारील, 'काय गो, भूक लागली काय?'

नाबर मास्तर सावंतवाडीहून त्याच जूनमध्ये आले होते. आठवीपासून इंग्रजी सुरू, आणि ते शिकवायला हे. तीन आठवडे झाले तरी 'आय'ला 'इज' जोडायचं की 'ॲम' यावर वर्गाची गाडी रुतलेली. मास्तरांनी हातातली छडी टेबलावर ठेवली. जानकीला वाटलं, आता ही छडी परत उचलतील ती माझ्यासाठीच.

"इंग्रजांच्या बायकांचं मला ठाऊक नाही," मास्तर म्हणाले. "तू घालतेस का?"

"घालते की."

"मग म्हण बघू एक फुगडी."

दुसरी कुणी असती तर धरणी दुभंगायची वाट पाहत बसली असती. जानकीने पदर खोचावा तशी परकराची कड खोचली आणि गळा सोडला. गळा म्हणजे काय, देवळातली घंटा! बाजूच्या नववीतली मुलं खिडकीशी आली. गाणं संपलं तेव्हा मास्तर फळ्याकडे वळले होते आणि खडूने ठेका धरत लिहीत होते. आय ॲम, यू आर, ही इज, शी इज. मग तीच चाल, तोच ठेका, आणि जानकीच्या फुगडीवर इंग्रजी गरागरा फिरायला लागलं. तास संपेपर्यंत 'आय इज' म्हणणारा एक पोरगा वर्गात उरला नाही.

आठळ्या मिळाल्या. पण त्या खाताना जानकीच्या लक्षातच नव्हतं की आपण आठळ्या खातोय.

मग काय, वर्गाला वेडच लागलं. मुलग्यांतला धोंडू म्हणाला, "मास्तर, चेडवांच्या फुगड्या घेतल्यात, आता आमचं गाऱ्हाणं घ्या!" देवळात मानकरी देवाला गाऱ्हाणं घालतो आणि सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतो, ते. मास्तर म्हणाले, का नाही? त्यांनी हात जोडून, डोळे मिटून, थेट मानकऱ्याच्या सुरात सुरू केलं, "इज धिस अ बुक?"

"येस म्हाराजा!"

"इज धिस अ कोकोनट?"

"नो म्हाराजा!"

हेडमास्तर दोनदा दारातून डोकावून गेले. त्यांच्या भुवया टोपीत शिरल्या होत्या.

चाली पुरवायचं काम जानकीचं. शेजारणींच्या, मावशीच्या, जात्यावरच्या, भात लावतानाच्या. मास्तर मधल्या सुट्टीत तिला म्हणायचे, "जानकी, उद्यासाठी काही आहे का?" आणि जानकी ताठ मानेने सांगायची, "आहे मास्तर." चौदा वर्षांच्या आयुष्यात तिला असं कुणी काही मागितलं नव्हतं. पाणी आण, गुरं बांध, भाकरी थाप, एवढंच. गाणं कुणी मागितलं नव्हतं.

जुलै संपता संपता प्रश्नांचा धडा आला. 'हाऊ इज' आणि 'हाऊ आर'. आणि वर्ग पुन्हा चिखलात. जानकीने पाच चाली आणल्या, एकही बसेना. प्रश्नाला लागते तशी शेवटाला वर उचलणारी चाल हवी होती. तशी एकच चाल तिला ठाऊक होती, आणि ती तिच्या आयेची होती.

आता हे नीट सांगायला हवं. चतुर्थीच्या दिवसांत दुपारी बायका ओसरीवर फुगड्या घालतात, तेव्हा पुरुष वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. कुणी आपला घोव, म्हणजे नवरा, गाण्यात आणते, कुणी सासू, कुणी जाऊ. जे वर्षभर गिळलं ते फुगडीत बाहेर पडतं. आणि रिंगण मोडलं की सगळ्या मिळून एकदा म्हणतात, "फुगडेतला फुगडेत!" त्यानंतर त्यातला एक शब्द विहिरीवरसुद्धा कुणी काढत नाही. हा कायदा कुणी लिहिलेला नाही, म्हणूनच आजवर कुणी मोडला नव्हता.

जानकीचा बापूस गंगाराम तांडेल गलबतावर. नारळी पुनव झाली की समुद्रात, ते थेट पावसाच्या तोंडावर घरी. मधल्या महिन्यांत मंगळूर, कालिकत, मुंबई जिथे लागेल तिथून त्याचं कार्ड यायचं. कार्डावर नाव आजीचं, काशीबाईचं. आजीला वाचता येत नव्हतं, राधाबाईला, म्हणजे आयेलाही येत नव्हतं. वाचायची जानकी. 'तीर्थरूप मातोश्रीस शिरसाष्टांग नमस्कार' पासून सुरू, आणि मग आंबे मोहरले काय, कौलं परतली काय, म्हैस कशी आहे. राधाबाई दाराआड उभी राहून ऐकायची. कार्ड संपायचं. तिचं नाव नसायचंच. घोवाने बायलेचं नाव घ्यायचं नसतं, लिहायचं तर नसतंच नसतं. पण 'घरची मंडळी कशी' एवढं तरी? तेही नाही. मागल्या चतुर्थीला राधाबाईने ते फुगडीत गायलं:

*मंगळूरसून इला पत्र, पत्र सासूच्या नावाचा,*
*आंब्याक फणसाक इचारता, इचारता साऱ्या गावाचा.*
*म्हशीक माज्या इचारता गो, दूद देता की आटला?*
*माकाच इचारूक नाय, माजा नाव खंय फाटला?*

बायका हसता हसता रडल्या होत्या. मग सगळ्यांनी म्हटलं, फुगडेतला फुगडेत. आणि ते गाणं तिथेच पुरलं गेलं.

जानकीने चुलीपाशी आयेला विचारलं, "आये, तुजी ती पत्राची चाल शाळेत नेव काय? मास्तर तेच्यार इंग्रजी घालतले."

राधाबाईने फुंकणी खाली ठेवली. "माजी चाल? इंग्रजी बोलताली?"

"फाडफाड!"

राधाबाई हसली. धुराने की कशाने, डोळे पाणावले होते. "ने. पण बाय, चाल ने. शब्द नेव नको. आयकलंस?"

"आयकलंय गो."

ऐकलं होतं, खरंच ऐकलं होतं. पण दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "चाल सुरेख आहे, पण शब्द कळल्याशिवाय श्वास कुठे घ्यायचा ते कसं कळणार? लिहून दे."

"शब्द बाहेरचे नाहीत मास्तर. घरचे आहेत."

"माझ्यापाशीच राहतील."

"शपथ?"

मास्तर हसले. इंग्रजीच्या पुस्तकावर हात ठेवून म्हणाले, "ही घे. विद्येची शपथ."

विद्येची शपथ मोडली तर विद्या जाते, हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. एवढा शिकलेला माणूस ती उगाच घेईल? जानकीने वहीचं पान फाडलं, चार ओळी लिहिल्या. मास्तरांनी पान पुस्तकात ठेवलं. आणि दोन दिवसांत वर्ग राधाबाईच्या चालीवर गायला लागला, "हाऊ इज मदर, हाऊ इज फादर, हाऊ इज द बफेलो?" म्हशीवर आलं की पोरं बाकं बडवायची. शेवटच्या ओळीला सगळे एकमेकांकडे बोट करून, "अँड हाऊ आर यू?"

जानकीने घरी येऊन आयेला ते शेवटचं शिकवलं. "हाऊ आर यू म्हणजे, तू कशी आसस?" राधाबाई दिवसभर ते पुटपुटत होती. गोठ्यात, परड्यात, न्हाणीत. हाव आर यू, हाव आर यू. आजी म्हणाली, "सुनेक वारा लागलो."

पंधरा ऑगस्टला शाळेत कार्यक्रम होता. झेंडा झाला की दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, मुलांची प्रगती बघणार होते. सगळ्या गावाला आमंत्रण. गंगाराम तांडेलने इस्त्रीची टोपी घातली. आजीने नऊवारी काढली. आणि राधाबाई कधी नव्हे ती शाळेत आली, बायकांच्या गर्दीत मागे, खांबाला टेकून. तिला आपली चाल इंग्रजी बोलताना ऐकायची होती.

पोरं गायली. काय गायली! 'येस म्हाराजा'ला अख्खा गाव हसत हसत साथीला आला. 'हाऊ इज द बफेलो'ला म्हाताऱ्यांनी टाळ्या धरल्या. जानकी पुढे उभी, गळा मोकळा, मधूनच मागे खांबाकडे बघत. राधाबाईचे ओठ हलत होते.

साहेब मात्र हसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "नाबर, हे इंग्रजी आहे की दशावतार? क्रमिक पुस्तकात हे कुठल्या पानावर आहे?"

हेडमास्तरांच्या भुवया पुन्हा टोपीत. नाबर मास्तरांच्या कपाळावर घाम आला. जानकीला वाटलं, आता मास्तर सांगतील, साहेब, तीन आठवड्यांत न आलेलं इंग्रजी मुलांना एका फुगडीत आलं. तेवढंच सांगायचं होतं. तेवढं पुरलं असतं.

मास्तर म्हणाले, "साहेब, ही पद्धत आहे. मुलांच्या घरातल्या भावनेतून परक्या भाषेकडे जायचं. एक नमुना दाखवतो." आणि त्यांनी पुस्तक उघडलं. पुस्तकातून ते पान काढलं.

"मास्तर!" जानकी ओरडली. नुसतं "मास्तर" एवढंच तोंडातून आलं.

मास्तर वाचत होते. मोठ्याने, ठासून, एकेका शब्दावर जोर देऊन. पत्र सासूच्या नावाचा. म्हशीक माज्या इचारता. माजा नाव खंय फाटला. वर आणि म्हणाले, "ही रचना आमच्या जानकीच्या मातोश्रींची आहे. बघा साहेब, किती अस्सल!"

साहेबांनी मान डोलावली. "वा," म्हणाले. वहीत काहीतरी टिपलं.

पहिल्यांदा हसलं कोण, ते जानकीला कळलं नाही. मग सगळेच हसले. फक्त बायकांच्या बाजूने हसू आलं नाही. तिकडे बायका एकेक करून राधाबाईकडे बघत होत्या आणि मग जानकीकडे. आजी काठी टेकून उठली. गंगारामने टोपी काढून हातात घेतली आणि पुन्हा घातली. खांबापाशी कुणीच नव्हतं.

घरी कुणी कुणाला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. आजी सुनेला एवढंच म्हणाली, "माजा नाव काय तुका टोचता होय गो? घे, काढून टाक." आणि भिंतीकडे तोंड करून बसली. बापूस बंदरावर गेला आणि लवकर परत आला. तिथे गलबताची डागडुजी करणारे खलाशी म्हणाले होते, "काय गंगाराम, म्हस दूद देता मा?" दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानातसुद्धा.

राधाबाई काम करत होती. नेहमीसारखंच. फक्त तिचं तोंड बंद होतं. ती जात्यावर बसली तरी गात नव्हती. नुसता दगडाचा आवाज. जानकीला आजवर कधी जात्याचा आवाज ऐकू आला नव्हता, त्यावर नेहमी आयेचा आवाज असायचा.

"आये, तेंनी विद्येची शपथ घेतल्यानी गो."

"तेंनी घेतल्यानी. तू माका काय सांगलंस?"

जानकीने कळशी उचलली.

विहिरीवर गेली तर बायकांची कुजबुज तिला बघून थांबली. शेजारच्या हौसाबाईने तर बोट दाखवून सांगितलं, "ह्या चेडवासमोर काय बोला नको गो. मास्तराच्या पुस्तकात जाताला." आणि येत्या चतुर्थीला फुगडीला बोलावणार नाही, हे न सांगताच समजलं.

सोमवारी वर्गात नाबर मास्तर आले ते फुलूनच. साहेबांनी शेरा चांगला दिला होता. "जानकी, ये पुढे. आज नवीन चाल कुठली?"

जानकी उठली, पण पुढे गेली नाही. विमलाने तिचा परकर ओढला, "बस गो." ती बसली नाही.

"मास्तर, तुम्ही शपथ घेतली होती."

मास्तर क्षणभर गोंधळले, मग हसले. लहान मुलीकडे हसावं तसे. "अगं वेडे, कौतुकच झालं ना तुझ्या आईचं! खुद्द साहेब वा म्हणाले. आणि लोकगीत हे लोकांचं असतं. गाणं काही कुणाच्या मालकीचं नसतं."

"मग शपथ कुणाच्या मालकीची होती, मास्तर?"

हा प्रश्न तिला कुणी पैजेवर विचारायला लावला नव्हता. मास्तरांचं हसू जागीच राहिलं, पण आतून रिकामं झालं. त्यांनी खडू उचलला आणि फळ्याकडे तोंड केलं.

"ते पान द्या मास्तर."

त्यांनी पुस्तकातून पान काढून दिलं. त्यांना कदाचित वाटलं असेल की झालं, मिटलं. मग त्यांनी 'हाऊ इज मदर' सुरू केलं. मुलगे गायले, अडखळत. मुलींच्या बाकावरून सूर आला नाही. जानकी गप्प बसली म्हणून सुभद्रा गप्प, सुभद्रा गप्प म्हणून विमला, आणि चौथीला एकटीने गायची हिंमत नव्हती. जानकीला ती चाल कानांनी ऐकवत नव्हती. जिच्यामुळे ती मास्तरांची लाडकी झाली, तीच चाल आता चोरीच्या हंड्यासारखी वर्गात वाजत होती. आणि चोराला हंडा कुणी काढून दिला? तिनेच.

ते पान ती घरी घेऊन आली. चुलीत घालणार होती. घातलं नाही. चुलीत घालून काय होणार? गावाला पाठ झालं होतं. बंदरावरचा पोरगासुद्धा म्हणत होता. गाणं फुगडीत परत जाणार नव्हतं. मग ती तासभर पान हातात धरून पायरीवर बसली आणि वाचत राहिली. माजा नाव खंय फाटला. चार ओळी एवढ्या वेळा म्हटल्या होत्या, पण हा प्रश्न आहे हे तिला आत्ता कळलं. गावाने ऐकलं, गाव हसला. साहेबांनी ऐकलं, टिपून घेतलं. उत्तर कुणी दिलं? ज्याने द्यायचं त्याने टोपी काढली आणि घातली.

नारळी पुनवेच्या आदल्या संध्याकाळी गंगाराम ओसरीवर पेटी भरत होता. घोंगडी, विड्याचं पान ठेवायचा डबा, दोन सदरे. आजी भिंतीला टेकून सुपारी कातरत होती. राधाबाई पोह्यांची पुरचुंडी बांधून देत होती, खाली मान घालून.

"जानकी, पोष्टाची कार्डां आणलंस काय गो?" बापूस म्हणाला.

"आणलंय." तिने कार्डं पुढे केली नाहीत. मुठीत धरून ती दोघांच्या मध्ये उभी राहिली. वर्गात फुगडीचा प्रश्न विचारायलाही ती अशीच उभी राहिली होती. त्या दिवशी मागे विमला आणि सुभद्रा होत्या. आज मागे कुणी नव्हतं.

"बाबा, आये, दोगांय आयका. हेच्या फुडे मी शाळेत जातलंय, इंग्रजी पण शिकतलंय, ता सोडूचंय नाय. पण मास्तराक एक चाल दिवचंय नाय."

"बरा मा," बापूस म्हणाला. "हात कर, कार्डां दी."

"अजून झाला नाय. तुमी गेल्यार ह्या घरात वाचूक येता ता माका एकट्याक. बरोबर?"

गंगारामने मान वर केली. आजीचा अडकित्ता थांबला.

"पत्रार आयेचा नाव नसला, तर मी ता पत्र वाचूचंय नाय. वळचणीक खोचून ठेवतलंय. तुमी इल्यार तुमीच वाचून दाखवा."

"गो चेडवा!" आजी कडाडली. "बायलेच्या नावान कोण पत्र घालता? पोष्टमन हसतलो!"

"हसांदे. सगळो गाव हसलो, पोष्टमन एकटोच रवलो."

गंगाराम राधाबाईकडे बघत होता, बहुतेक लेकीसमोर आणि आईसमोर पहिल्यांदाच. राधाबाईची पुरचुंडी अर्धी बांधून राहिली होती. गाठ तिला सापडत नव्हती.

जानकीने सगळ्यात वरचं कार्ड काढलं. त्यावर तिने शाळेच्या शाईने पत्ता आधीच लिहून ठेवला होता, ठळक, देवनागरीत. सौ. राधाबाई गंगाराम तांडेल. ते तिने पेटीत सदऱ्यावर ठेवलं, बाकीची कार्डं त्याच्याखाली.

"सगळ्यांर तसाच लिवलंय," ती म्हणाली. "आनी आत काय लिवशात ता तुमचा तुमी बघा. पण पयला आयेक इचारा. म्हशीक इचारशात ता सगळ्यात शेवटाक."